आज्ञावली-अद्यतन, संस्थांतर्गत

एखाद्या संस्थेच्या मालकीच्या व तिच्या नियंत्रणाखालील संगणकांवर असलेल्या आज्ञावलींच्या (सॉफ्टवेअरच्या) जुन्या आवृत्ती काढून त्यांच्या जागी नव्या आवृत्ती मध्यवर्ती ठिकाणाहून, ठरलेल्या क्रमाने बसविण्याच्या कार्यास संस्थांतर्गत आज्ञावली-अद्यतन असे म्हणतात. घरच्या संगणकाचा मालक हे काम आपल्या सोयीने उरकतो व काही बिघडल्यास त्याची झळ त्याच्यापुरतीच राहते. बँक, रुग्णालय, विद्यापीठ, बंदर किंवा शासकीय खाते यांच्याकडे मात्र शेकडो ते लक्षावधी संगणक असतात. ते गावोगावी विखुरलेले असतात. त्यांतील काही रात्री बंद असतात, काही कर्मचाऱ्यांबरोबर प्रवासात असतात, तर काही क्षणभरही बंद ठेवता येत नाहीत. अशा सर्व संगणकांवर एकच बदल घडवून आणणे आणि तो घडला की नाही हे निश्चितपणे सांगता येणे, हा या विषयाचा गाभा होय. परिचालन प्रणाली (उदा., विंडोज, लिनक्स), कचेरीच्या कामाच्या आज्ञावली, विषाणुरोधक, यंत्रभागांतच कोरलेल्या आज्ञावली आणि अद्यतनाचे काम करणारी आज्ञावली स्वतः, अशा सर्वांचा यात समावेश होतो.

आज्ञावलीतील लहान दुरुस्तीस इंग्रजीत ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. हे नाव केवळ लाक्षणिक नाही. ज्या काळी संगणकाच्या सूचना कागदी फितीवर वा पत्र्यांवर छिद्रे पाडून देत असत, त्या काळी चुकीच्या छिद्रांवर खरोखरीच कागदाचा तुकडा चिकटवून त्यात नवी छिद्रे पाडीत. हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क-१ या १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या यंत्राच्या अशी ठिगळे लावलेल्या फिती जतन करण्यात आलेल्या आहेत.

आवश्यकता : आज्ञावलीत दोष आढळणे ही नित्याची बाब आहे. त्यांतील काही दोष केवळ गैरसोयीचे असतात; काहींचा उपयोग करून परक्या व्यक्तीस संगणकाचा ताबा मिळविता येतो. अशा दोषाची दुरुस्ती उत्पादकाने प्रसिद्ध केली की, एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होते. दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा संकेत ताडून पाहिल्यास दोष नेमका कोठे होता हे जाणकारास कळते. म्हणजे जी दुरुस्ती संगणक सुरक्षित करते, तीच ज्यांनी ती अद्याप बसविलेली नाही त्यांच्या संगणकांचा मार्ग हल्लेखोरास दाखविते. मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करीत आली आहे. या मंगळवारास ‘पॅच ट्यूजडे’ हे नाव पडले व दुसऱ्या दिवशीच्या बुधवारास हल्लेखोरांचा बुधवार म्हणण्याची चालही रूढ झाली. संस्थेच्या दृष्टीने घड्याळ मंगळवारीच चालू होते.

इतिहास : मोठ्या संगणकांच्या काळात एका संस्थेत एक वा दोनच यंत्रे असत. आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांसाठी ‘पीटीएफ’ (तात्पुरती दुरुस्ती) या नावाने दुरुस्त्या येत व त्या बसविण्यासाठी स्वतंत्र आज्ञावली पुरविण्यात येई. बसविलेल्या दुरुस्त्यांची नोंद ठेवणे, एक दुरुस्ती दुसरीवर अवलंबून असल्यास क्रम राखणे व जरूर पडल्यास ती काढून घेणे, ही तिची कामे आजही या क्षेत्रातील प्रत्येक साधनास करावी लागतात. १९८० नंतर टेबलावर मावणारे संगणक आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. एका इमारतीत दोनशे स्वतंत्र यंत्रे असली म्हणजे फ्लॉपी चकत्यांचा गठ्ठा घेऊन तंत्रज्ञास टेबला-टेबलाशी फिरावे लागे. शेवटच्या टेबलाशी तो पोहोचेतो पहिल्या टेबलावरची आवृत्ती शिळी झालेली असे.

युनिक्स वापरणाऱ्या विद्यापीठांनी यातून प्रथम वाट काढली. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ ही आज्ञावली तयार केली. यंत्रावर कोणत्या कृती करावयाच्या हे सांगण्याऐवजी यंत्राची अंतिम स्थिती कशी असावी हे सांगावे व तेथवर पोहोचण्याचे काम यंत्रावर सोपवावे, ही तिच्यामागील कल्पना पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. विंडोज संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ बाजारात आणले. त्याचेच पुढील रूप २००७ पासून ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये व्यक्तिगत वापरासाठी ‘विंडोज अपडेट’ ही सेवा सुरू झाली आणि तिच्यातून संस्थांना स्वतःच्या आवारात चालविता येईल असे वितरण-साधन प्रथम २००२ मध्ये व सुधारित रूपात (‘डब्ल्यूसस’) २००५ मध्ये निघाले. लिनक्समध्ये आज्ञावलींचे गठ्ठे व त्यांची परस्परावलंबने सांभाळणारी साधने १९९० नंतरच्या दशकातच प्रगल्भ झाली होती.

संस्थांना या कामाचे गांभीर्य पटविण्याचे श्रेय दुर्दैवाने कृमींनाच द्यावे लागते. जानेवारी २००३ मध्ये पसरलेल्या ‘स्लॅमर’ या संगणक-कृमीने सु. ७५,००० यंत्रे ग्रासली. त्यांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. तो ज्या दोषाचा फायदा घेत होता त्याची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, उपलब्ध झालेली होती.

कार्यपद्धती : प्रत्येक संगणकावर एक छोटी प्रतिनिधी-आज्ञावली (‘एजंट’ किंवा ‘क्लायंट’) कायम चालू ठेवण्यात येते. ती संगणकाची झडती घेते, म्हणजे त्यावर कोणती आज्ञावली कोणत्या आवृत्तीची आहे, चकतीवर किती जागा शिल्लक आहे इ. माहिती गोळा करून मध्यवर्ती सर्व्हरला कळविते. या माहितीवरून प्रशासक संगणकांचे गट पाडतो व प्रत्येक गटासाठी आदेश तयार करतो. अमुक दुरुस्ती, अमुक गटावर, अमुक तारखेच्या आत, अमुक वेळातच बसवावी, असे या आदेशाचे स्वरूप असते.

सर्व्हर संगणकांकडे आदेश धाडतो असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक पद्धतींत उलट घडते. प्रतिनिधी-आज्ञावली ठरावीक कालांतराने स्वतःहून सर्व्हरकडे जाऊन ‘माझ्यासाठी काही आहे काय’ असे विचारते. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हे कालांतर मुळात ६० मिनिटांचे ठेवलेले असते. बंद असलेल्या वा प्रवासात असलेल्या संगणकाशी सर्व्हरला संपर्क साधता येत नाही. संगणक मात्र चालू होताच विचारणा करू शकतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तिचा तोटा असा की, ‘आदेश दिला’ आणि ‘आदेश पोहोचला’ यांत अंतर पडते, आणि चुकीचा आदेश मागे घेतानाही तेच अंतर आड येते. तसेच सर्व संगणकांनी एकाच क्षणी विचारणा केल्यास सर्व्हर कोलमडतो. म्हणून प्रत्येकाची वेळ यदृच्छ रीतीने थोडी पुढेमागे करतात. सकाळी साडेनऊ वाजता सारी कचेरी एकदम संगणक चालू करते तेव्हा या युक्तीचे महत्त्व कळते.

आदेश मिळाल्यावर दुरुस्ती खरोखरच लागू आहे का हे प्रतिनिधी-आज्ञावली जागेवरच तपासते. ती आधीच बसविलेली असेल किंवा संबंधित आज्ञावली त्या संगणकावर नसेलच, तर काम तेथेच संपते. लागू असल्यास दुरुस्तीचा गठ्ठा आणला जातो, त्याची स्वाक्षरी पडताळली जाते व मग तो बसविला जातो. अखेरीस बसविणारी आज्ञावली एक अंक परत देते. विंडोजमध्ये शून्य म्हणजे यशस्वी. ३०१० म्हणजे यशस्वी, परंतु संगणक पुन्हा चालू केल्याशिवाय बदल पूर्ण होणार नाही. १६०३ म्हणजे बसविताना गंभीर अडथळा आला. या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या आयुष्याचा बराच भाग १६०३ या अंकामागील खरे कारण शोधण्यात जातो, कारण तो अंक कारण काहीच सांगत नाही.

संगणक पुन्हा चालू करणे (रीस्टार्ट) ही वापरणाऱ्याच्या तक्रारीची मुख्य बाब होय. विंडोजमध्ये चालू असलेल्या आज्ञावलीची फाइल सहसा बदलता येत नाही. म्हणून नवी फाइल बाजूस ठेवून पुढील सुरुवातीच्या वेळी अदलाबदल करतात. युनिक्स व लिनक्समध्ये जुन्या फाइलचे नाव काढून नवी फाइल त्या नावाने ठेवता येते. पण आधीपासून चालू असलेले काम स्मृतीतील जुन्याच संकेतावर चालत राहते. म्हणजे तेथे अद्यतन झाल्यासारखे दिसूनही दोष शाबूत राहू शकतो. दोन्ही ठिकाणी यंत्र वा निदान ती सेवा पुन्हा चालू करावीच लागते. यासाठी देखभालीचा काळ आधीच ठरवून ठेवतात. लिपिक अर्ज भरीत असताना वा डॉक्टर रुग्णाची माहिती नोंदवीत असताना पडदा काळा होणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नसतो. ज्यास एकदा असा अनुभव आला तो पुढे अद्यतन टाळण्याचे सर्व मार्ग शिकून घेतो.

वितरण : दुरुस्ती आकाराने मोठी असल्यास तिची वाहतूक हाच मोठा प्रश्न होतो. एका शाखेत ४० संगणक आहेत आणि मुख्य कचेरीशी ती ४ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या तारेने जोडलेली आहे, असे मानू. १ गिगाबाइटची दुरुस्ती प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणावयाची म्हटल्यास तार पूर्णपणे याच कामी लावूनही सु. २२ तास लागतात. शाखेचे इतर सर्व व्यवहार तेवढा वेळ खोळंबतात. हीच दुरुस्ती एकदाच आणून शाखेतील एका संगणकावर ठेवली आणि बाकीच्यांनी ती तेथून घेतली, तर तारेवरील काम सु. ३३ मिनिटांत संपते. या कारणास्तव शाखांमध्ये वितरण-केंद्रे नेमतात किंवा एकाच ठिकाणचे संगणक आपापसांत तुकडे वाटून घेतील अशी व्यवस्था करतात. तारेवर इतर वाहतूक नसेल तेव्हाच थोडे थोडे आणणारी सेवा विंडोजमध्ये २००१ पासून अंतर्भूत आहे; मध्येच संपर्क तुटला तर ती पहिल्यापासून सुरुवात न करता राहिलेल्या ठिकाणापासून पुढे जाते. जुन्या व नव्या आवृत्तींतील फरकच तेवढा पाठविण्याची युक्तीही सर्रास वापरली जाते. मात्र तीत प्रत्येक संगणकावर नेमकी कोणती जुनी आवृत्ती आहे हे बिनचूक माहीत असावे लागते.

प्रतिनिधी-आज्ञावलीचे स्वतःचे अद्यतन : वरील सारी व्यवस्था ज्या प्रतिनिधी-आज्ञावलीवर उभी आहे, तिलाच बदलण्याची वेळ येते तेव्हा प्रश्न नाजूक होतो. इतर कोणतीही आज्ञावली बसविताना बिघडली तर प्रतिनिधी तसे कळवू शकतो व पुन्हा प्रयत्न करू शकतो. प्रतिनिधीच अर्धवट बसला, तर तो संगणक मुका होतो. तो आदेशही घेत नाही आणि आपण बिघडलो आहोत हेही सांगत नाही. मध्यवर्ती यादीत तो केवळ ‘बरेच दिवस संपर्क नाही’ असा दिसतो, आणि रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याचा बंद संगणकही तसाच दिसतो.

म्हणून हे काम प्रतिनिधीकडे न सोपविता एका वेगळ्या, अगदी साध्या स्थापक-आज्ञावलीकडे देतात. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या पद्धतीत प्रत्येक संगणकावर नियोजित काम म्हणून ही स्थापक-आज्ञावली नोंदविली जाते. ती जवळच्या वितरण-केंद्रातून आवश्यक फाइली आणते, जुन्या प्रतिनिधीस थांबविते, नवा बसविते व तो चालू झाल्यावर बाजूस होते. अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करते. याशिवाय प्रतिनिधीच्या प्रकृतीची रोज तपासणी करून तो बंद पडला असल्यास चालू करणारे स्वतंत्र कामही संगणकावर ठेवलेले असते. सर्व संगणकांचे प्रतिनिधी एकाच दिवशी बदलू नयेत म्हणून ठरवून दिलेल्या दिवसांत (मुळात सात) प्रत्येकासाठी यदृच्छ वेळ निवडली जाते. तत्पूर्वी प्रशासकाने निवडलेल्या एका लहान चाचणी-गटावर नवा प्रतिनिधी बसवून पाहण्याची सोयही आहे. हा चाचणी-गट निवडताना संगणक विभागातील स्वतःचीच यंत्रे घेण्याचा मोह टाळावा. ती सर्वांत नवी, सर्वांत नीटनेटकी व म्हणूनच संस्थेचे सर्वांत कमी प्रतिनिधित्व करणारी असतात. कोषागारातील दहा वर्षे जुने यंत्र आणि गोदामातील धुळीने माखलेले यंत्र त्या गटात असेल तरच चाचणीस अर्थ येतो.

टप्प्याटप्प्याने प्रसार : चाचणी-गट किती मोठा असावा, याचे उत्तर साध्या संभाव्यता-गणिताने मिळते. दर २०० संगणकांपैकी एकावर प्रकट होणारा दोष दुरुस्तीत आहे, असे धरले, तर २० संगणकांच्या गटात तो निदान एकदा दिसण्याची शक्यता १० टक्क्यांहूनही कमी असते. ५०० संगणकांच्या गटात ती ९० टक्क्यांवर जाते. यावरून प्रथम काही थोडी यंत्रे, मग शेकड्यात एखाददुसरे, मग एखादा संपूर्ण विभाग आणि शेवटी सर्व, अशी वलये आखण्याची प्रथा पडली. दोन वलयांमध्ये दोष प्रकट होण्यास पुरेसा अवधी जावा लागतो. महिनाअखेरीस चालणारी हिशेबाची आज्ञावली महिन्याच्या मध्यावर घेतलेल्या चाचणीत बिघडत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज-१० ची एक मोठी आवृत्ती प्रसृत होताच काही वापरकर्त्यांच्या फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या व मायक्रोसॉफ्टला तिचा प्रसार काही दिवसांतच थांबवावा लागला. ज्या संस्था शेवटच्या वलयापर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या त्या बचावल्या.

विलंब आणि घाई : टप्पे जितके अधिक तितका विलंब अधिक, आणि विलंबाचीही किंमत द्यावी लागते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील इंग्लंडमधील २३६ न्यासांपैकी किमान ८१ न्यासांना तिची झळ लागली. हजारो रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या आणि पाच ठिकाणच्या अपघात विभागांना रुग्ण अन्यत्र वळवावे लागले. संबंधित दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ५९ दिवस आधी, १४ मार्च रोजी प्रसिद्ध केलेली होती. आरोग्य सेवेच्या संगणक-संस्थेने १७ मार्च व २८ एप्रिल रोजी ती बसविण्याविषयी सूचनाही काढल्या होत्या. त्या वेळी सारा दोष विंडोज एक्सपी या कालबाह्य प्रणालीवर टाकण्यात आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या ऑक्टोबर २०१७ मधील अहवालावरून मात्र असे दिसते की, बाधित झालेली बहुसंख्य यंत्रे विंडोज-७ ची, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असलेल्या प्रणालीची होती. सूचना पोहोचल्या होत्या. पण त्या अमलात आल्या की नाही हे मध्यवर्ती पातळीवर कोणासही ठाऊक नव्हते.

घाईचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक छोटी माहिती-फाइल त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एकदम प्रसृत झाली व १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सु. ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले. दोष क्षुल्लक होता. नव्या माहितीत २१ व्या रकान्याचा उल्लेख होता, तर ती वाचणारा संकेत २० च रकाने पुरवीत होता. त्यामुळे स्मृतीच्या हद्दीबाहेर वाचन होऊन परिचालन प्रणालीच कोसळे. अनेक संस्थांनी या सुरक्षा-आज्ञावलीच्या नव्या आवृत्ती एक-दोन पायऱ्या मागे राहून घेण्याची दक्षता बाळगली होती. परंतु ती वलये मुख्य आज्ञावलीस लागू होती. माहिती-फाइली त्यांना वळसा घालून थेट सर्वांकडे जात. माहिती म्हणजे आज्ञावली नव्हे, सबब तिला चाचणीची तितकीशी जरूर नाही, हे गृहीतक येथे अंगलट आले. यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे व ग्राहकास त्यांवर नियंत्रण देण्याचे ठरविले.

फाइल मागे घेतल्याने बंद पडलेले संगणक चालू झाले नाहीत, कारण चालूच न होणाऱ्या यंत्रावर प्रतिनिधी-आज्ञावलीही चालत नाही. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते सुरक्षित स्थितीत उघडून ती एक फाइल पुसावी लागली. ज्यांच्या चकत्या सांकेतिक लिपीत कुलूपबंद होत्या त्यांना प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली शोधावी लागली, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्याही बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या. भारतातील अनेक विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. मुंबई विमानतळावरही प्रवाशांची नोंद काही काळ हाताने करावी लागली. फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन टेबला-टेबलाशी फिरणारा तंत्रज्ञ असा चाळीस वर्षांनी पुन्हा अवतरला.

लक्ष्यनिवडीतील चुका : दुरुस्ती निर्दोष असूनही ती भलत्या यंत्रांवर गेल्याने अनर्थ ओढवतो. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात मे २०१४ मध्ये विंडोज-७ नव्याने बसविण्याचा आदेश चुकून विद्यापीठाच्या सर्व विंडोज यंत्रांना गेला. या आदेशात चकती पुसून नव्याने आखणे अंतर्भूत होते. चूक ध्यानात येताच आदेश देणारा सर्व्हर बंद करण्यात आला. परंतु तोवर त्यानेही आदेश पाळून स्वतःची चकती पुसून टाकलेली होती. ‘सर्व संगणक’ या गटावर आदेश देताना दुसऱ्या व्यक्तीची संमती सक्तीची करणे व मध्यवर्ती सर्व्हर त्या गटातून वगळणे, हे उपाय अशा अनुभवांतून आले आहेत.

याउलट एखादे यंत्र वगळले जाणेही महागात पडते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या पेढीने आपल्या आठ सर्व्हरांपैकी सातांवरच नवी आज्ञावली चढविली होती. आठव्यावर राहिलेल्या जुन्या संकेताने बाजार उघडताच सु. ४५ मिनिटांत लक्षावधी नको असलेले व्यवहार केले व पेढीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

वितरण-मार्गाची सुरक्षितता : संस्थेतील प्रत्येक संगणकावर सर्वाधिकाराने काहीही चालविण्याची शक्ती अद्यतन-यंत्रणेच्या हाती असते, म्हणून हल्लेखोराचे लक्षही तिच्याकडे वळते. प्रत्येक गठ्ठ्यावर उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी असते व ती पटल्याशिवाय गठ्ठा उघडला जात नाही, हे संरक्षणाचे मुख्य साधन होय. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या आज्ञावलीने एका जुन्या गणिती पद्धतीतील उणिवेचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टच्या नावाची बनावट स्वाक्षरी तयार केली व विंडोज अपडेटचे सोंग घेऊन ती स्थानिक जाळ्यात पसरली. २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या कारखान्यातच शिरून तिच्या अधिकृत अद्यतनात परका संकेत मिसळण्यात आला. स्वाक्षरी खरी असल्याने सु. १८,००० ग्राहकांनी ते विश्वासाने स्वीकारले.

महाराष्ट्रास अशा प्रकाराची झळ २७ जून २०१७ रोजी लागली. युक्रेनमध्ये करभरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी आज्ञावलीच्या अद्यतनातून ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली सोडण्यात आली. तेथून ती मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जागतिक जाळ्यात शिरली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे काम ठप्प झाले. ती चोरलेल्या अधिकार-नावांच्या साहाय्यानेही पसरत असल्याने ज्या यंत्रांवर मार्चमधील दुरुस्ती वेळेवर बसविलेली होती तीही वाचली नाहीत. मर्स्कला दहा दिवसांत सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

मोजमाप : अद्यतन किती टक्के संगणकांवर झाले, हा आकडा व्यवस्थापनास दर महिन्यास सादर होतो. त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. ‘९८ टक्के पूर्ण’ याचा अर्थ बहुधा ‘ज्या संगणकांनी उत्तर दिले त्यांपैकी ९८ टक्के’ असा असतो. मुके झालेले, प्रतिनिधी कधीच न बसविलेले आणि यादीतच नसलेले संगणक छेदात धरलेले नसतात. कृमीस मात्र ते सर्व सापडतात. खरेदी-नोंदवही, जाळ्यावर प्रत्यक्ष दिसणारे संगणक आणि प्रतिनिधींची यादी या तिन्ही ताडून पाहिल्यावर जी तफावत निघते, तीच अधिक मोलाची माहिती होय.

अपवाद व अलीकडील बदल : काही यंत्रांवर अद्यतन करताच येत नाही. क्ष-किरण वा चुंबकीय प्रतिमादर्शक यंत्रांना जोडलेले संगणक उत्पादकाच्या मान्यतेविना बदलता येत नाहीत. कारखान्यातील नियंत्रक वार्षिक बंदच्या काळातच हाती येतात. अशी यंत्रे जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यांच्याशी होणारी वाहतूक मर्यादित करतात. महाजालापासून पूर्णपणे तोडलेल्या जाळ्यांत दुरुस्त्या बाहेर उतरवून घेऊन, त्यांची स्वाक्षरी व विषाणूंबाबत तपासणी करून, फिरत्या साधनावरून आत नेतात. भारतात दोषांविषयीच्या सूचना २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था प्रसिद्ध करते. ज्यांचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे आढळले आहे अशा दोषांची यादी अमेरिकेतील ‘सिसा’ ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून ठेवते. दुरुस्त्यांचा अग्रक्रम ठरविण्यास इतर देशांतील संस्थाही तिचा उपयोग करतात.

कर्मचारी घरून काम करू लागल्यावर, विशेषतः २०२० नंतर, संगणक संस्थेच्या जाळ्याबाहेर राहण्याचे प्रमाण वाढले व आवारातील सर्व्हरऐवजी महाजालावरील सेवेमार्फत आदेश देण्याकडे कल झुकला. डब्ल्यूससमध्ये यापुढे नव्या सोयी घालण्यात येणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले; मात्र आहे त्या स्वरूपात त्याचा वापर चालू ठेवता येतो. विंडोज-१० च्या नित्याच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी संस्थांना दरवर्षी वेगळे शुल्क भरावे लागते. विंडोज-११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीपुढील प्रक्रियक लागत असल्याने बऱ्याच जुन्या, पण चालू स्थितीतील संगणकांवर ती अधिकृतपणे बसविता येत नाही. अशा यंत्रांच्या बाबतीत शुल्क भरणे, लिनक्ससारखी दुसरी प्रणाली स्वीकारणे किंवा यंत्रच बदलणे, एवढेच पर्याय उरतात.